ग्वाल्हेरच्या मेमध्ये नऊ पोरं सांभाळायची तर

आमच्या घरात एरवी पाच मुलं असतात. दोन माझी, तीन जाऊबाईंची. मेच्या पहिल्या आठवड्यात वन्सं पुण्याहून झेलमनं आपली चार घेऊन उतरतात आणि नऊ होतात. सगळ्यात मोठी १२ वर्षांची, सगळ्यात धाकटं ११ महिन्यांचं. घर लष्कर नावाच्या भागात, जुनं, दगडी. मधे चौक, खाली तळघर, वर पट्ट्यांचं छत. पुण्याचे लोक त्याला गच्ची म्हणतात, आम्ही छतच म्हणतो. शिंद्यांच्या गावात चार पिढ्या काढल्यावर मराठीला हिंदीचं एवढं तरी वारं लागणारच. बाहेर पारा ४५.

लोक विचारतात, एवढ्या पोरांना दिवसभर रमवतेस कशी? रमवत नाही. उन्हाळ्यात पोरांना रमवायला निघालेली बाई तिसऱ्या दिवशी आडवी होते. मी फक्त दिवस उलटा करते. जे काही हुंदडायचं ते पहाटे पाच ते नऊ आणि मग संध्याकाळी सहानंतर. मधले तास अंधारात काढायचे. हे एकदा घरातल्या सगळ्यांनी मान्य केलं, सासूबाईंपासून पाव्हण्यांपर्यंत, की निम्मं काम झालं. एक जण जरी ‘जरा बारा वाजता बाड्याच्या बाजारात जाऊन येतो’ म्हणून एखाद्या पोराला स्कूटरवर घेऊन निघाला, तर बाकी आठ दारात उभी.

नंबर घालून टाका

गाडीतून उतरल्या दिवशीच वयाप्रमाणे नंबर द्यायचे. बारा वर्षांची ती एक, अकरा महिन्यांचं ते नऊ. आता तोच नंबर सगळीकडे: स्टीलच्या पेल्याच्या बुडाशी ऑइल पेंटनं, टॉवेलच्या कोपऱ्याला लाल दोऱ्यानं, उशीच्या अभ्र्याला, चपलांच्या आत. दिवसभर एकाच पेल्यातून प्यायचं, तो ज्याचा त्यानं विसळायचा. यापूर्वी आमच्याकडे संध्याकाळपर्यंत मोरीत ६० भांडी साचायची, आणि ‘हा माझा पेला’वरून दिवसाला किमान दोन मारामाऱ्या.

नंबरांचा खरा उपयोग मोजणीला. ‘मोजा!’ म्हटलं की एक, दोन, तीन असं ओरडत यायचं. नऊ नंबरला बोलता येत नाही, म्हणून आठ नंबर ओरडतो, ‘आठ, आणि बाळ!’ दिवसातून तीनदा मोजायचं: बाहेरून आल्यावर, अकराला दारं लावताना, रात्री छतावर. गंमत म्हणून सुरू केलं होतं, पण दोन वर्षांपूर्वी अकराच्या मोजणीत सहा आलाच नाही. पाच म्हणाला ‘पाच’, मग शांतता, मग सात. गल्लीत शोधलं, शेजारी शोधलं, विहिरीचं झाकण पाहिलं, माझे पाय लटपटायला लागले. सापडला तळघरात. आंब्यांची पेटी गवतात ठेवली होती, तिच्याशेजारच्या थंडगार फरशीवर गाढ झोपलेला, एका हातात कोय आणि दुसरी छातीवर. तेव्हापासून तळघराची कडी वरची, मुलांच्या हाताला न पोचणारी. आणि आंबे मोजूनच खाली जातात.

पहाट

पहाटे पाचला उठवायचं म्हणजे रडारड होईल असं वाटतं. होत नाही, कारण छतावर झोपलेली असतात आणि साडेपाचला ऊन तोंडावर येतंच. दूध, त्यात भिजवलेली शिळी पोळी किंवा सत्तू, की निघायचं.

आठवड्यातून दोनदा किल्ला. उरवाईकडून गाडी वर जाते, पण आम्ही दोन ऑटो करून किला गेटला उतरतो आणि हत्ती पोलाच्या चढावानं पायी जातो. चढावावर एकाच खडकात कोरलेलं छोटं चतुर्भुज मंदिर लागतं. त्यातल्या शिलालेखावर सन ८७६ मधलं शून्य आहे. देवळाच्या बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या फुलांचे ५० हार, या आकड्यांमधलं. दोन नंबरला गणितात भोपळा मिळाला होता, त्या वर्षी मी त्याला मुद्दाम ते गोल दाखवलं. म्हटलं, बघ, तुझा भोपळा केवढा जुना आहे. तर तीन नंबर म्हणे, मग त्याच्या आधी लोक दहा कसे लिहायचे? मी म्हटलं, तुझ्या बाबांना विचार. चढणारी मुलं प्रश्न विचारतात, पण चढणाऱ्या काकूला तेवढा दम नसतो.

वर मानसिंग तोमरांच्या महालावर निळ्या फरशांमध्ये बदकांची रांग आहे. ‘बदकं मोजून सांगा’ म्हटलं की वीस मिनिटांची निश्चिंती. दोघांचे आकडे कधीच जुळत नाहीत, म्हणून पुन्हा मोजतात. उतरून हजीऱ्याला तानसेनच्या कबरीपाशी थांबलात तर तिथल्या चिंचेचा पाला चघळल्यानं गळा सुरेल होतो म्हणतात. आमच्या सात नंबरनं मूठभर चघळला. आवाज होता तसाच राहिला, फक्त मोठा झाला. साडेआठला घरात. त्यानंतर बागेतली लोखंडी घसरगुंडी, उभ्या स्कूटरची सीट, सगळं चटका देतं. बंद गाडीत तर पोराला दोन मिनिटंही एकटं सोडायचं नाही. ‘आलोच’ म्हणणारा माणूस दुकानात रमतो.

बाकीच्या पहाटा वाळवणाच्या. ग्वाल्हेरचं ऊन कशाला चांगलं असेल तर वाळवणाला. पुण्यात ज्या पापड्यांना दोन-तीन दिवस लागतात त्या इथं एका दिवसात कडकडीत. रात्री भिजवलेला साबुदाणा मी चारला चुलीवर चढवते, दाणा काचेसारखा पारदर्शक झाला की मीठ-जिरं घालते आणि पातेलं छतावर. खाली स्वच्छ प्लास्टिक, प्रत्येकाला एक पळी आणि एक ओळ. चारपासून सातपर्यंतच्यांच्या पापड्या हिंदुस्थानच्या नकाशासारख्या येतात, येऊ द्या. तळल्यावर कुणी आकार बघत नाही, आणि दिवाळीला ‘ही मी घातलेली’ म्हणून तीच पापडी शोधली जाते. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं, मग वाटून, गाळून रात्रभर निवळू द्यायचं. वरचं पाणी ओतून राहिलेला चीक शिजवायचा. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: नऊ पोरांसाठी निम्मा चीक जास्तच धरा. गरम चीक, त्यावर दूध-साखर, वाट्या घेऊन पातेल्याभोवती बसलेली सगळी जमात. सोऱ्यात जाईपर्यंत काय उरेल ते देवाला ठाऊक. वाळवणाची राखण पाच आणि सहाकडे, जिन्याच्या सावलीत बसून, नऊ वाजेपर्यंत. नंतर जाळी टाकायची. माकडं आली तर पोरांनी काठी उगारायची नाही, थाळी वाजवायची आणि आत यायचं.

अकरा ते पाच

अकराला दारं-खिडक्या बंद. लू, म्हणजे तापलेला कोरडा वारा, आत यायला एक फट पुरते. मधल्या खोलीला आम्ही खसाचा, म्हणजे वाळ्याचा, पडदा लावतो आणि त्यावर तासातासाला पाणी शिंपडतो. इथं हिंदीत त्याला ‘खस की टट्टी’ म्हणतात, तो शब्द वन्संच्या मुलांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा चौघं हसून गडाबडा लोळली होती.

कूलरचं नीट ऐका. कूलर बंद खोलीत चालत नाही. तो पाण्याची वाफ करून हवा गार करतो, ती ओली हवा बाहेर जायला समोरची खिडकी वीतभर उघडी हवी. नाहीतर तासाभरात खोलीत चिकचिक होते आणि लोक म्हणतात कूलर खराब झाला. खिडकीत बसवा, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढेल. गवताच्या पॅड दर वर्षी एप्रिलमध्ये बदला. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याची पुढची पिढी उडायला लागते.

तीन वर्षांपूर्वी चार नंबर आंघोळ करून ओल्या अंगानं, अनवाणी कूलरपुढे उभा राहिला आणि जाळीला हात लावून म्हणाला, ‘काकू, कूलर चावतो.’ मी म्हटलं, उगाच काहीतरी. मग मी हात लावला. कूलर चावत होता! लोखंडी बॉडी आणि प्लगची अर्थिंगची तार आतल्या आत सुटलेली. बसवणाऱ्यानं जोडलीच नव्हती म्हणे. त्या दिवशी पोर हसत होतं म्हणून मी आज हे हसत सांगतेय. आता एप्रिलमध्ये पॅड बदलायच्या आधी वायरमन येतो, अर्थिंग तपासतो. मेन बोर्डात, कुठंही वीज गळाली की लाइट तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकरही बसवला. पाणी भरताना नुसतं बटण नाही, प्लगच काढायचा. आणि कूलरपुढे लाकडी पाट मांडून ठेवलाय, त्याच्या पलीकडे कुणी पाय ठेवायचा नाही. या एका नियमाला माझ्या घरात रडून, रुसून, पाया पडून काही उपयोग होत नाही.

जेवण साडेअकराला. दुपारी चार-चार भाज्या करणारीला माझा नमस्कार. आमच्याकडे दहीभात, काकडी, कांदा, कैरीची चटणी, कधी डाळ-पोळी. तळण नाही. सासूबाई बाहेर जाणाऱ्याच्या खिशात कांदा ठेवतात, लू लागू नये म्हणून. खिशातला कांदा काही करत असेल असं मला वाटत नाही, पण त्यांच्याशी वाद घालून दुपार तापवण्यापेक्षा मी तो संध्याकाळी खिशातून काढून कोशिंबिरीत घालते.

मग एक ते साडेतीन. ‘झोपा’ म्हटलं की कुणी झोपत नाही. मी म्हणते, ‘झोपू नका. फक्त उठू नका.’ आडवं राहायचं, कुजबुजायचं, पुस्तक वाचायचं, काय ते करा, पाठ सतरंजीला टेकलेली हवी. वीस मिनिटांत पाच जण घोरतात. जे जागे राहतात त्यांच्यासाठी किशोरचे जुने अंक असतात, आणि तिथं एक सौदा चालतो. आमची पाच हिंदी शाळेतली, ‘बाळ’चं ‘बाल’ करणारी. वन्संची चार पुण्याची, गोळेवाल्याला ‘भैया, मेरेको काला खट्टा पाहिजे’ म्हणणारी. पुण्याची आमच्यांना ‘ळ’ शिकवतात, आमची त्यांना हिंदी. पत्ते, अष्टा-चंग, सागरगोटे साडेतीननंतर. मोबाइल सगळ्यांत मिळून एक तास, आणि लाइट गेली तर तो तास संपला.

पाणी

टिघऱ्याचं धरण मेमध्ये खाली गेलं की नळ एक दिवसाआड येतात. म्हणून नऊ जणांच्या आंघोळी रोज बंबभर पाण्यानं होत नाहीत. चारच्या सुमारास चौकात सावली येते, तेव्हा एक मोठा टब भरायचा. आधी मोठी मुलं मगानं बाहेर अंग धुतात, मग धाकटी टबात डुंबतात, मग तेच पाणी छत शिंपायला. टब लगेच उपडा करायचा. रांगणारं मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं, आणि बुडताना ओरडत नाही. टबात कुणी असेल तोवर एक मोठं माणूस तिथं बसलेलं, हातात मोबाइल नसलेलं. माझ्याकडे ही ड्यूटी पुरुषांची.

पिण्याला मटके. तोटीवाले घ्या, म्हणजे आठ हात आत बुडत नाहीत. नवा मटका रात्रभर पाण्यात ठेवायचा, साबणानं कधीच घासायचा नाही, वाऱ्याच्या वाटेवर ओल्या वाळूत बसवायचा. पाणी गार होतं ते त्याच्या अंगातून झिरपून वाळतं म्हणून. छिद्रं बुजली की संपलं. पोरं तहान लागल्याशिवाय पीत नाहीत आणि खेळात तहान लागलेली कळत नाही, म्हणून दर मोजणीनंतर पेलाभर सक्तीनं. फक्त सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी द्यायचं नाही, कितीही उन्हाळा असो. त्याला आईचं दूधच पुरतं, जास्त वेळा पाजायचं. हा वाद आमच्या घरात रोज व्हायचा, डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं तेव्हा मिटला.

पन्हं दोन प्रकारचं करावं लागतं. सासूबाईंचं गुळाचं, वेलदोडा-केशर घातलेलं; आणि इथलं आम पना, निखाऱ्यात भाजलेल्या कैरीचं, पुदिना, काळं मीठ, भाजलेलं जिरं. कैऱ्या एकदमच शिजवायच्या-भाजायच्या, गर निम्मा-निम्मा. पुण्याची चार पुदिन्याचं पितात आणि ग्वाल्हेरची पाच गुळाचं मागतात, हे मला आजवर उलगडलेलं नाही. बाजारातलं कापून ठेवलेलं टरबूज-खरबूज नाही. अख्खं आणायचं, मटक्याशेजारी ओल्या फडक्यात ठेवायचं, चारला कापायचं. फालसे, खिरनी मिळतील तेव्हा. आंब्याचं म्हणाल तर दशहरी जूनमध्ये येतो, तोवर सफेद्यावर भागवायचं. पाव्हणे दशहरीच्या रसाला नाक मुरडतात, ‘हापूसची सर नाही’ म्हणतात आणि तिसरी वाटी पुढे करतात.

बिघडलं तर

घामोळ्यांना मुलतानी माती आणि सैल मलमलचे कपडे. पावडर थापू नका, बाळांच्या श्वासात जाते. जुलाब लागले तर ओआरएसचं पाकीट, डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला असं लिहिलेलं. गोड चवीचे तयार खोके नकोत. एक पाकीट एक लिटरमध्ये, २४ तासांत संपवायचं. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्याला ५० ते १०० मिली, मोठ्याला १०० ते २००, चमच्या-चमच्यानं. डोळे खोल गेले, लघवी झाली नाही, पोर मलूल पडलं तर घरचा दवाखाना बंद करून खरा गाठायचा.

आणि लू. अंग भट्टीसारखं तापलेलं, पोर असंबद्ध बोलतंय किंवा झापड आलीये, उलट्या होतायत, अशा वेळी पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नसते. कपडे काढा, सगळं अंग ओलं करा, पंखा घाला, काखेत-जांघेत गार फडकी ठेवा, १०८ लावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. नवतप्याचे, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे, नऊ दिवस, साधारण २५ मेपासून, हा नंबर आमच्या दारामागे खडूनं लिहिलेला असतो. अजून लागलेला नाही.

छत

साडेसहाला पहिली बादली. पट्ट्या चर्र करतात आणि दगडाचा तो वास येतो. त्या वासाला माझी एक नंबर म्हणते, ‘सुट्टीचा वास.’ पहिलं पाणी दोन मिनिटांत वाळतं, दुसरं पाच, तिसरं टिकतं. दगड दिवसभर प्यालेलं ऊन दहापर्यंत ओकत राहतो, म्हणून जमिनीवर गाद्या नको, खाटा. खालून वारा जातो. आमचा कठडा जुना, कमरेएवढाही नाही, तेव्हा त्याच्यापासून चार हात कुठलीच खाट नाही. पोर खाटेवरून कठड्यावर चढायला वेळ लागत नाही. धाकटी मधे, मोठी माणसं कडेनं, जिन्याच्या तोंडाशी मी. रात्री शू लागली तर मला उठवायचं, एकट्यानं हलायचं नाही. मच्छरदाणीच्या दोऱ्या खाटेलाच बांधा.

रात्री-बेरात्री आंधी येते. आधी दूरचं पत्र्याचं शेड वाजतं, मग तोंडात धूळ. तेव्हा नियम एवढाच: आपली उशी उचलायची आणि जिन्यात जायचं, चादरी जाऊ द्यायच्या. खालच्या पायरीवर अंधारात मोजणी. एक, दोन, तीन... झोपेतल्या आवाजात ‘आठ, आणि बाळ’ ऐकू आलं की मी वरचं दार लावते. सकाळी दोन चादरी शेजाऱ्यांकडून आणायच्या.

जूनमध्ये हवा ओली झाली की कूलर निरुपयोगी होतो, मग नुसता पंखा. तोवर वन्संची परतीची तिकिटं आलेलीच असतात. सामान बांधताना पेले मोजून घ्या. पाच नंबरचा पेला दोन वर्षं पुण्यात होता. आणि गाडीच्या आदल्या संध्याकाळी, काही झालं तरी, छतावर उजेडात पांढरा पंचा पसरून सगळ्यांच्या डोक्यातून बारीक फणी फिरवा. महिनाभर नऊ डोकी एका सतरंजीवर लोळलेली असतात. हे विसरलं तर आठवड्याभरात पुण्याहून फोन येतो, ‘वहिनी, उवा तुमच्याकडून की आमच्याकडून?’